काटा अडतो तेव्हा

स्मृतिव्याख्यानाचा आरंभ स्मरणाने करण्याची रीत आहे. आजच्या विषयात ज्यांचे स्मरण सर्वांत आधी व्हायला हवे, ते ३६ तरुण होते. दुसऱ्या महायुद्धात हाती बंदूक घ्यायला त्यांनी नकार दिला होता, पण देशाच्या आणि जगाच्या उपयोगी पडायची त्यांची तयारी होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दाखल झाले आणि तिथल्या फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षकगॅलरीखालच्या खोल्यांत राहू लागले. अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाला एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. युद्धाने उपाशी पाडलेल्या युरोपातल्या माणसांना पुन्हा खाऊपिऊ घालायचे, तर ते कसे? त्यासाठी आधी उपासमार म्हणजे काय, हे मोजून पाहणे भाग होते.

पहिले १२ आठवडे या तरुणांना रोज सुमारे ३,२०० कॅलरींचे भरपेट जेवण मिळाले. फेब्रुवारी १९४५ पासून पुढचे २४ आठवडे ते जवळपास निम्म्यावर आले. दिवसातून दोन जेवणे, आणि त्यांत बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे ठरलेले. वजन सरासरी चतुर्थांशाने उतरावे, असे लक्ष्य होते. पण आजच्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कीज यांनी प्रत्येकाच्या वजनासाठी एक वक्ररेषा आखून ठेवली होती. ती आरंभी उताराची होती आणि शेवटी सपाट होत जाणारी. एखाद्याचे वजन त्या रेषेपेक्षा हळू उतरू लागले, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या ताटातले पावाचे तुकडे कमी होत. फार भरभर उतरले, तर एखाद-दुसरा वाढे.

श्रोतेहो, वजन अडले की ताटात किती फेरफार करायचा, या प्रश्नाचे इतके काटेकोर आणि इतके निष्ठुर उत्तर त्यापूर्वी क्वचितच कोणी दिले असेल. पावाचे तुकडे कमी केल्यावर रेषा पाळली गेली, हे खरे. पण त्या माणसांना ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, पाय सुजले, स्वभाव चिडका झाला. ती माणसे ताटे चाटू लागली आणि वेळ घालवायला पाककृतींची पुस्तके वाचू लागली. विश्रांतीत शरीर जी ऊर्जा खर्चते, ती सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. यातला मोठा भाग वजनच घटल्यामुळे होता. उरलेला भाग मात्र शरीराने स्वतःहून केलेल्या काटकसरीचा होता.

आज महाराष्ट्रातल्या घराघरांत हाच प्रयोग चालू आहे. फरक इतकाच की तिथे कीज नाहीत, वक्ररेषा नाही आणि रोजची मोजदादही नाही. डाएट सुरू होते, पहिल्या महिन्यात तीन-चार किलो जातात, नातेवाईक कौतुक करतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात काटा एका आकड्यावर येऊन बसतो आणि हलत नाही. मग पहिला विचार येतो तो एक पोळी कमी करण्याचा. पंधरा दिवस वाट पाहून दुसरी पोळी जाते. रात्रीचे जेवण ताकावर येते. हा विचार बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि का चुकीचा असतो हे सांगण्यासाठी आजचे व्याख्यान आहे.

चुकीचे मूळ एका गणितात आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये हिशेब मांडला की, एक पौंड वजन घटवायला ३,५०० कॅलरींची तूट लागते. किलोच्या भाषेत साधारण ७,७०० कॅलरी. शरीरातल्या चरबीत किती ऊर्जा साठते, याचा अंदाज म्हणून हा आकडा ठीकच होता. पुढे मात्र आहारतक्त्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत तो भविष्य सांगण्यासाठी वापरला गेला. त्या हिशेबाने रोज एक पोळी, म्हणजे अंदाजे १०० कॅलरी, कमी केली तर वर्षाला पावणेपाच किलो जायला हवेत. दहा वर्षांत ४७ किलो. ८२ किलोची बाई रोजच्या एका पोळीपायी दहा वर्षांत ३५ किलोची होईल, असे कोणीही मानणार नाही. तरीही सहा महिन्यांची अपेक्षा ठरवताना हेच गणित वापरले जाते, आणि ते चुकले की दोष त्या बाईच्या निग्रहाला दिला जातो.

हा हिशेब दुरुस्त केला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणाऱ्या केविन हॉल यांनी. ते मुळात भौतिकशास्त्राचे. २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जे प्रारूप मांडले, त्याचा सारांश सोपा आहे. रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ कॅलरींची घट केली, की अखेरीस एक किलो वजन घटते. त्यातले निम्मे साधारण वर्षभरात, आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. म्हणजे एका पोळीचे शेवटचे फळ सुमारे चार किलो आणि त्यासाठी लागणारा काळ तीन वर्षे. पहिल्या वर्षी दोन किलोच. तूट कायम राहत नाही, कारण शरीर लहान होत जाते आणि लहान शरीराला कमी लागते.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एक बाई ४५ वर्षांच्या आहेत. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, दिवसभर बहुतेक बैठे काम. आहारतज्ज्ञ सर्रास वापरतात त्या १९९० सालच्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने त्यांचा विश्रांतीतला खर्च दिवसाला १,४२० कॅलरींच्या आसपास येतो. हालचाल धरून एकूण खर्च साधारण १,९९०. त्यांनी १,५०० कॅलरींचा आहार ठरवला, म्हणजे तूट ४९० ची. दहा किलो उतरवून त्या ७२ किलोंवर आल्या, तेव्हा त्याच सूत्राने एकूण खर्च १,८५० होतो. तूट उरली ३५०. शरीराने आणखी काटकसर केली असे धरून ५० ते १०० वजा करू. तरी २५०-३०० कॅलरींची तूट शिल्लक राहते आणि महिन्याला किलोभर वजन जायला हवे. पण काटा तर दोन महिने हललेला नाही.

या ठिकाणी थांबून नीट विचार करायला हवा. ‘माझे चयापचयच मंद आहे’ हे वाक्य इथेच उच्चारले जाते. त्यात काहीच तथ्य नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रॉकफेलर विद्यापीठातल्या रूडॉल्फ लीबेल आणि मायकेल रोझेनबॉम यांनी १९९५ मध्ये दाखवले की, शरीराचे वजन १० टक्क्यांनी घटले की ऊर्जेचा खर्च नुसत्या वजनाच्या हिशेबाने घटायला हवा त्याहून अधिक घटतो. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो गमावले होते आणि त्यातले ४१ परत आले होते. तरीही त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. पण ३० आठवड्यांत रोज तासन्‌तास व्यायाम करून ५८ किलो घटवणाऱ्यांची गोष्ट आपल्या ७२ किलोंच्या बाईंना जशीच्या तशी लावता येत नाही. नॉर्वेत काम केलेल्या काटिया मार्टिन्स यांच्या अभ्यासांत दिसले की, वजन उतरत असतानाच मोजले तर ही काटकसर मोठी दिसते. काही आठवडे वजन स्थिर ठेवून मग मोजले, तर ती बरीच कमी होते. दिवसाला ५०-१०० कॅलरी हा आपण धरलेला अंदाज त्यामुळेच वाजवी आहे. तेवढ्याने काटा सहाव्या महिन्यात अडत नाही.

मग कशाने अडतो? भुकेने.

हे सिद्ध करणे अवघड होते, कारण डाएट करणाऱ्याला आपण कमी खातोय हे ठाऊक असते आणि तो स्वतःवर जोर लावत असतो. केविन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये एक सुंदर वाट काढली. मधुमेहावरचे एक औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. ते घेणाऱ्याच्या शरीरातून रोज काहीशे कॅलरी निघून जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही. वर्षभर हे औषध घेणाऱ्यांचे वजन आधी उतरले आणि मग स्थिरावले. वजनाच्या आलेखावरून मागे हिशेब करत गेल्यावर कळले की, घटलेल्या प्रत्येक किलोमागे ही माणसे नकळत दिवसाला सुमारे १०० कॅलरी जास्त खाऊ लागली होती. ऊर्जेचा खर्च किलोमागे २०-३० कॅलरींनीच घटतो. म्हणजे शरीराचा प्रतिकार खर्च कमी करण्यापेक्षा भूक वाढवण्यात तिपटीहून अधिक असतो. दहा किलो घटवलेल्या माणसाची भूक रोज हजार कॅलरी जास्त मागत असते. ही मागणी वर्षानुवर्षे रोज नाकारत राहणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याच्याशी जुळणारी बाजू दाखवली. दहा आठवड्यांचे कडक डाएट केलेल्यांची भुकेची संप्रेरके वर्षभरानंतरही जागेवर आलेली नव्हती. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हा थांबा चुकत नाही. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरले, पण आलेख शेवटच्या काही आठवड्यांत सपाट झालाच.

भूक वाढते आणि हात सैल होतो. डायना थॉमस यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूपाने दाखवले की, ठरलेला आहार खरोखर तंतोतंत पाळला, तर वजनाची घसरण सहाव्या महिन्यात थांबत नाही. ती त्याच्या कितीतरी नंतर थांबते. सहाव्या महिन्यात काटा अडतो तो आहार मधूनमधून सुटू लागल्याने. आणि तो सुटतोय हे माणसाला कळत नाही, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या अभ्यासात १,२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नसल्याची तक्रार असलेली दहा माणसे होती. विशिष्ट प्रकारचे पाणी पाजून त्यांच्या ऊर्जेचा प्रत्यक्ष खर्च मोजला गेला. चयापचय अगदी सर्वसामान्य निघाले. खाणे मात्र सांगितले होते त्याच्या जवळपास दुप्पट होते, आणि व्यायाम सांगितला होता त्याहून बराच कमी. ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना तसेच वाटत होते.

आपल्या ७२ किलोंच्या बाईंकडे परत येऊ. ती हरवलेली २५०-३०० कॅलरींची तूट मराठी स्वयंपाकघरात शोधायला फार वेळ लागत नाही. पहिल्या महिन्यात तेल चमच्याने मोजले जात होते, आता फोडणी हाताच्या अंदाजाने पडते. रोज दोन छोटे चमचे तेल जास्त म्हणजे ९० कॅलरी. भाजीत आणि कोशिंबिरीत मिळून वीस ग्रॅम शेंगदाण्याचे कूट म्हणजे ११० च्या आसपास. संध्याकाळी कोणी आले म्हणून अर्ध्या दुधाचा, साखर घातलेला आणखी एक कप चहा म्हणजे ८०. झाले की २८०. यातले काहीच चमचमीत नाही. याला कोणी ‘डाएट मोडले’ असेही म्हणणार नाही. पोळ्या दोनच आहेत, भात बंद आहे, गोड नाही. म्हणून तर बाई मनापासून सांगतात की, मी काहीच जास्त खात नाही. आणि उपासाचे दिवस निराळेच. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, कूट, तूप आणि बटाटा एकत्र येतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या पिढ्यांना कॅलरी माहीत नव्हती, पण गणित कळत होते.

आता, काटा खरोखरच अडलाय का, हेही पाहायला हवे. शरीर कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जी भरघोस घट दिसते, तिच्यात हे पाणी बरेच असते. लग्नाच्या पंगतीनंतर एका रात्रीत दीड किलो वाढते, तीही चरबी नसते. मासिक पाळीच्या आधी, लोणचे-पापड जास्त झाल्यावर, नवा व्यायाम सुरू केल्यावर पाणी साठते आणि खाली चरबी घटत असली तरी काटा तसाच राहतो. म्हणून एका दिवसाच्या वजनाला अर्थ नाही. सकाळी उठल्यावर, शौचानंतर, त्याच काट्यावर घेतलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी काढावी आणि अशा चार सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात. पाळी येणाऱ्या स्त्रीने एका महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करावी. चार आठवडे सरासरी हलली नाही आणि कमरेचा घेरही हलला नाही, तरच वजन अडले म्हणावे.

अडलेच असेल, तर आधी दोन आठवडे पुन्हा मोजून खावे. आहार तोच ठेवून पहिल्या महिन्यासारखे तेल चमच्याने, कूट वाटीने, दूध मापाने. पुष्कळांचा काटा इथेच हलू लागतो. म्हणजे नवीन काही कमी करावेच लागत नाही. जे आधीच कमी केले होते, ते पुन्हा खरे करावे लागते.

तरीही हलला नाही, तर कपात करावी. पण ती १०० ते २०० कॅलरींची असावी आणि तेल, साखर, तळण, कूट यांतून यावी. डाळ, दही, अंडी, मासे यांतून नाही. प्रथिने कमी पडली तर उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो आणि विश्रांतीतला खर्च आणखी घसरतो. मराठी घरात कपात नेमकी उलटी होते: डाळ पातळ होते आणि फोडणी तशीच राहते. वजने उचलण्याचा व्यायाम याच कारणासाठी हवा. कॅलरी जाळण्यापेक्षा स्नायू टिकवण्यासाठी तो जास्त उपयोगी आहे. कपातीइतकाच दुसरा मार्ग चालण्याचा. डाएटवरच्या माणसाची बारीकसारीक हालचाल नकळत मंदावते. जिना टाळला जातो, उठबस कमी होते. रोज अर्धा तास जास्त चालणे अनेकांना पोळी सोडण्यापेक्षा सोसते.

खालची मर्यादाही सांगायला हवी. स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठे काम करणाऱ्या ५५ किलोंच्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० कॅलरी आणि ६५ किलोंच्या पुरुषाची २,११० कॅलरी धरली आहे. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर ८०० कॅलरींवर दिवस काढणारी माणसे काय करत आहेत, ते कळते. फार वेगाने वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयातल्या खड्यांचे प्रमाण वाढते. इन्शुलिन किंवा काही मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आहार कमी केला आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. पाळी थांबली, केस गळू लागले, सतत थंडी वाजू लागली, दिवसभर खाण्याचाच विचार मनात राहू लागला, तर मिनेसोटातल्या त्या तरुणांची लक्षणे आठवावीत. अशा वेळी आहार कमी करायचा नसतो, वाढवायचा असतो.

वाढवण्याचेही एक शास्त्र होऊ पाहत आहे. ऑस्ट्रेलियात ५१ स्थूल पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्ध्यांनी सलग १६ आठवडे कमी खाल्ले. उरलेल्यांनी दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे वजन स्थिर राहील इतके, असे आलटून पालटून. कमी खाण्याचे आठवडे दोघांचे सारखेच. पण थांबत थांबत गेलेल्यांचे वजन जास्त उतरले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, म्हणून याला रामबाण म्हणू नये. सहा महिने झगडून थकलेल्या माणसाने दोन आठवडे मोजून पण पुरेसे खाल्ले तर त्याचे सगळे कष्ट वाया जात नाहीत, एवढा दिलासा मात्र त्यातून नक्की मिळतो.

आणि कुठे थांबायचे? हा प्रश्न आपल्या लोकांसाठी वेगळा आहे आणि त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्यातले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. काट्याला दोघे सारखे, आतून निराळे. याच कारणाने भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा ३० ऐवजी २५ वर धरली जाते आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा, असे सांगतात. म्हणजे आपल्याकडे काही जणांचे वजन अडलेले असतानाही पोटाचा घेर उतरत असतो, आणि त्यांच्या मधुमेहाच्या दृष्टीने तीच घट जास्त मोलाची असते. दहा किलो उतरवून स्थिरावलेल्या बाईंची साखर, रक्तदाब आणि कंबर सुधारली असेल, तर ७२ हा आकडा अपयश नाही. तिथे टिकून राहायला १,७५० ते १,८०० च्या आसपास खायचे आहे, १,५०० नाही; आणि हे ज्या दिवशी त्यांना कोणी स्पष्ट सांगेल, त्या दिवशी पुढची वर्षे सोपी होतील.

मिनेसोटातला प्रयोग डिसेंबर १९४५ मध्ये संपला. त्याचा वृत्तान्त १९५० मध्ये दोन खंडांत छापला गेला. उपासमारीनंतर शरीर पुन्हा उभे करायला दिवसाला ४,००० कॅलरींच्या आसपास अन्न लागते, असा निष्कर्ष कीज यांनी काढला होता. त्या प्रयोगातून आपण घ्यायची ती मोजदाद, उपासमार नव्हे. आज सभागृहातून घरी गेल्यावर ज्यांचा काटा अडलेला असेल, त्यांनी उद्याची पोळी कमी करू नये. एक वही घ्यावी, चार आठवडे सकाळचे वजन, कमरेचा घेर आणि तेलाचे चमचे लिहावेत, आणि ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जावे.